पैकीच्या पैकी

४ सप्टेंबर १९८२, शनिवार

प्राचार्यांनी होकार दिला. बारा मिनिटं लागली. त्यातली नऊ ते फोनवर होते.

बारावीच्या मुलांसाठी ऑनर सोसायटी. इथे बहरीनच्या बेटावर अमेरिकन मुलांची एक शाळा आहे, तिथे अशी असते असं ऐकलं होतं. आमच्या शाळेत मुलं गुणांवरून ओळखली जातात. गुण विसरले गेले की मुलंही विसरली जातात. अभ्यास आणि चारित्र्य दोन्ही पाहून निवड करावी, हे माझं म्हणणं. प्राचार्य म्हणाले, "व्हेरी गुड, व्हेरी गुड. जबाबदारी तुमची." हे त्यांनी फोन पुन्हा उचलता उचलता सांगितलं.

घरी आले तेव्हा हे दुपारपाळीला निघाले होते. बुटाची नाडी बांधता बांधता ऐकलं. "म्हणजे चांगल्या मुलांना चांगलं म्हणायचं, त्यासाठी सोसायटी?"

मी म्हटलं, हो.

"बरं," म्हणाले. खाली अस्करच्या कारखान्याची बस हॉर्न वाजवत होती.

११ सप्टेंबर, शनिवार

प्राचार्यांनी मुंबईहून पितळी बिल्ले मागवले. दहा. नियम अजून लिहायचे आहेत. म्हणजे सभासद दहाच. संख्या आधी ठरली.

मी विचारलं, दहाच का? म्हणाले, दुकानदार डझनाखाली देत नव्हता, पण भांडून दहावर आणला. ह्यात त्यांना आनंद होता.

२१ सप्टेंबर, मंगळवार

शिक्षकांची सभा. दोन रकाने: अभ्यास पाचपैकी, चारित्र्य पाचपैकी. अभ्यासाचे गुण गेल्या वर्षीच्या टक्केवारीवरून. चारित्र्याचे वर्गशिक्षकाने द्यायचे. बारावीच्या तुकड्या दोन. 'अ' माझी, 'ब' जमालुद्दीन सरांची. बेरीज समान आली तर टक्केवारी जास्त असलेला वर.

जमालुद्दीन सर गणिताचे. रत्नागिरीचे. स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सभेत इंग्रजीत काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, चारित्र्याला गुण? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आपण काय लिहितो? वर्तणूक चांगली. सगळ्यांची चांगली. मी अठरा वर्षांत दुसरं काय लिहिलेलं नाय."

"म्हणूनच ही सोसायटी," मी म्हटलं.

"असं होय," म्हणाले, आणि हसले. ते कशालाही हसतात.

नियमावली मी लिहिली. सातवं कलम: एकदा दिलेला गुण बदलता येणार नाही. पालक घरी येतात, पेढे आणतात, म्हणून हे घातलं. प्राचार्यांनी न वाचता सही केली.

२ ऑक्टोबर, शनिवार

गांधी जयंती. जयप्रकाश शेठ पाहुणे. मनामात त्यांची कापडाची तीन दुकानं, राहायला जनाबियाला. भुलेश्वरात वाढलेले, मराठी छान बोलतात. त्यांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की सोसायटीत जो पहिला येईल त्याचं पुण्याचं तीन वर्षांचं कॉलेज आणि वसतिगृह त्यांच्या खर्चाने. टाळ्या. प्राचार्यांना हे आधी माहीत नव्हतं, पण चेहरा त्यांनी माहीत असल्यासारखा केला.

सोसायटी बक्षिसासाठी नव्हती. आता ती बक्षिसासाठी आहे.

जिन्यात नसीबा भेटली. माझ्या वर्गातली, शाळेत पहिली. वडील रहिमतुल्ला श्रीवर्धनकडचे, बंदरावर माल सोडवण्याच्या कामात कारकून. मागे तीन भावंडं. म्हणाली, "मिस, अब्बा म्हणतात हे मिळालं तर पुणे. नाही मिळालं तर जानेवारीपासून टायपिंगचा क्लास, आणि परीक्षेनंतर त्यांच्या ऑफिसात जागा आहे." सगळं इंग्रजीत, फक्त अब्बा सोडून. उद्याचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

मी म्हटलं, इंग्रजी साहित्य घे. ती म्हणाली, तेच घेणार आहे, मिस.

१६ ऑक्टोबर, शनिवार

आज गुण दिले. दुपारी तीन ते साडेसहा, चोवीस मुलं.

एकेकाला समोर उभं केलं, म्हणजे मनात. खोटं बोलतो का? दुसऱ्याच्या कामावर जगतो का? कोणी पाहत नसताना कसा असतो? सहा जणांना दोन. बाकीच्यांना बहुतेक तीन. एकाला एक. तो कागद थोडा वेळ उलटा ठेवला, मग सुलटा केला. एकच.

नसीबाला चार. गेल्या वर्षी वर्गाची हजेरी तिच्याकडे होती. एकदा ती दहा मिनिटं उशिरा आली, तर मला न सांगता स्वतःची गैरहजेरी मांडून ठेवली. मला ते महिन्याअखेर कळलं. चार मी कोणाला देईन असं वाटलं नव्हतं. लिहिताना बरं वाटलं.

पाच म्हणजे ज्यात काही कमी नाही. निबंधाला वीसपैकी वीस मी कधी दिले नाहीत. भाषेत कोणी देत नाही. मलाही कोणी दिले नाहीत. एम.ए.ला आमचे सर सर्वांत चांगल्या निबंधाखाली 'ठीक' लिहीत. माझ्या निबंधांखाली त्यांनी तसं दोनदा लिहिलं.

ह्यांची सुट्टी होती. चहा घेऊन आले आणि कागदांकडे बघत म्हणाले, "मला किती देशील?"

मी विचार केला. "साडेतीन."

खूप हसले. "अर्धा कुठून काढलास?" मग कप घेऊन आत गेले. आतूनही हसण्याचा आवाज आला, एकदा.

२५ ऑक्टोबर, सोमवार

यादी तयार झाली. 'ब' तुकडीच्या तेरा मुलांना दहापैकी दहा. जमालुद्दीन सरांनी सव्वीसच्या सव्वीस मुलांना चारित्र्याचे पाच दिले. सव्वीस पाच, एकाखाली एक, एकाच शाईत. वर पाहून खाली उतरवावेत तसे.

नसीबा: अभ्यास पाच, चारित्र्य चार. नऊ. चौदावी.

दहा बिल्ले दहा 'ब'च्या मुलांना. माझ्या चोवीसमधलं एकही नाही.

आणखी लिहायचं होतं. विशेषणं येत आहेत. थांबते.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

स्टाफरूममध्ये त्यांना गाठलं. चहात बिस्किट बुडवत होते.

"सर, सव्वीस मुलं. सगळी सत्यवादी?"

"नाय हो. एकाला मी स्वतः सिगारेट ओढताना धरला, पाण्याच्या टाकीमागे."

"त्यालाही पाच?"

"मला बघितल्याबरोबर विझवली बिचाऱ्याने. बोट भाजून घेतलं." बिस्किट चहात पडलं. ते चमच्याने काढत राहिले. "बाई, माझ्याकडे उत्तर बरोबर आलं की पाचपैकी पाच. साडेचार कशाला देऊ? अक्षर वाईट म्हणून?"

"चारित्र्य म्हणजे गणित नव्हे."

"मग काय, निबंध?"

मी म्हटलं, तुम्ही पुन्हा गुण द्या, विचार करून द्या. ते म्हणाले, दिलेला पोराकडून परत कसा घेऊ, सातवं कलम तुमचंच. त्यांनी ते वाचलं होतं. बहुधा वाचलेले ते एकटेच.

मग विचारलं, "त्या नसीबाला चार कशाला दिलेत हो?"

"ती सर्वांत वरची आहे म्हणून."

"सर्वांत वरची आहे म्हणून चार." त्यांनी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. मी थट्टा करते आहे असं वाटून ते हसणार होते, पण माझ्याकडे पाहून थांबले. "पोरगी घरी काय सांगेल, बाई?"

माझा तास होता. उठले.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

अर्धा दिवस. सुटताना प्राचार्यांनी बोलावलं. 'अ'च्या पालकांचे फोन आले आहेत. यादी अजून लावलेली नाही, पण शाळेत काही लपत नाही.

त्यांच्याकडे तोडगा तयार होता. मी नसीबाच्या चाराचे पाच करायचे. तिची टक्केवारी सर्वांत जास्त, म्हणजे ती पहिली. दहावा मुलगा गळेल, त्याचे वडील तसेही कुवेतला बदलून चालले आहेत. "एका मुलीपुरतं. एक आकडा. शनिवारी दुपारी बारापर्यंत."

मी सातव्या कलमाची आठवण करून दिली.

"कलम तुमचं, सही माझी. मोडू."

मी म्हटलं, मोडायचं तर दोन्ही तुकड्यांसाठी मोडा. 'ब'चे गुण पुन्हा द्या.

ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "मॅडम, मुलाचा गुण वाढवता येतो. कमी करता येत नाही. वाढवला तर कोणी विचारत नाही." मग शिपायाला म्हणाले, "यल्ला, चल, गाडी काढायला सांग."

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजानंतर रहिमतुल्ला आले. बरोबर नसीबा. हातात काही आणलं नव्हतं, हे मला आवडलं.

आधी ह्यांच्याशी बोलले. "गणपतराव, तुम्ही म्हाडकडचे ना?" मग महाडची एस.टी., सावित्रीचा पूल, कोणत्या खाडीची कालवं मोठी. हे घरात एरवी बोलत नाहीत ती बोली बोलायला लागले. नसीबा भिंतीवरच्या पुस्तकांची नावं मान वाकडी करून वाचत होती.

मग रहिमतुल्ला माझ्याकडे वळले. "बाई, मी गुण मागायला नाय आलो. तुमचा तो नियम मला पोरीने सांगितला, बरोबर हाय. मी फक्त विचारायला आलो, पोरीत काय कमी हाय. एक गुणाचं काय ते सांगा. आम्ही घरात सुधारू."

मी म्हटलं, तिच्यात तसं कमी काही नाही.

"मग तो एक कुठं गेला?"

मी समजावून सांगितलं. चार हा फार मोठा गुण आहे, मी तिच्याशिवाय कोणालाही दिलेला नाही. ते लक्ष देऊन ऐकत होते. अधूनमधून "बरोबर, बरोबर" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "हिची आई, मसूदा, घरात वेगळंच कायतरी बोलली. मी तिला गप्प केला. म्हटला, बाई तशा नाहीत."

"तशा म्हणजे?"

"जाऊ द्या." त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे पाहत होते. काय बोलल्या त्या, ते मला कळलं नाही. नंतर ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुला कळलं नाही तेच बरं."

नसीबाने एकच प्रश्न विचारला, इंग्रजीत. "मिस, पाच कोणालाच मिळत नाहीत, तर मग रकान्यात पाच ठेवलेत कशाला?"

मी म्हटलं, आपण त्याच्याकडे पाहत राहावं म्हणून.

तिने मान हलवली. वर्गात एखादा मुद्दा टिपून घेताना हलवते तशी.

ते गेल्यावर ह्यांनी कप विसळले. "एक आकडा लिहायचाय तुला."

"आकड्याचा प्रश्न नाही."

"मग कशाचा?"

मी सांगितलं. आज पाच लिहिले तर ते नसीबाबद्दल नसतील. ते 'ब' तुकडीबद्दल असतील, प्राचार्यांबद्दल, शेठजींबद्दल. माझ्या एका खऱ्या आकड्याऐवजी सत्तावीस खोटे होतील. त्यांनी पूर्ण ऐकलं. कप पुसून ठेवले. मला वाटतं त्यांना पटलं.

३० ऑक्टोबर, शनिवार

पहिला तास मोकळा होता. कागद समोर घेतला. चाराचे पाच होत नाहीत, चार खोडून पाच लिहावे लागतात. पेनाचं टोपण काढलं होतं.

पाच का, ते मनात एका वाक्यात सांगता येतं का पाहिलं. "कारण ती पहिली यायला हवी." हे कारण नाही, ही इच्छा आहे.

त्याऐवजी टिपण लिहिलं, तीन पानं. चारित्र्याच्या मूल्यमापनात दोन तुकड्यांत दोन मापं कशी वापरली गेली, आणि 'ब'चं फेरमूल्यमापन का आवश्यक आहे. चांगलं झालं आहे. एकही शब्द जास्त नाही. साडेअकराला प्राचार्यांच्या हातात दिलं.

त्यांनी पानं उलटून पाहिली, पाच हा आकडा कुठे आहे ते शोधत असावेत. "आणि ती मुलगी?"

"टिपण मान्य केलंत तर तिचा प्रश्नच उरत नाही."

त्यांनी पानांना टाचणी लावली. "फाईलला राहील," म्हणाले.

बारा वाजले तेव्हा मी वर्गात होते. घंटा ऐकली.

३ नोव्हेंबर, बुधवार

यादी लागली. दहा नावं, दहाही 'ब'. पहिला अन्सार. चांगला मुलगा आहे, हे लिहायला मला अडचण नाही.

माझ्या वर्गात मागच्या बाकावरून कोणीतरी इंग्रजीत म्हणालं, "मिस, 'बी' म्हणजे ब्लेस्ड. आम्ही बॅड कॅरॅक्टर सेक्शन." सगळे हसले. 'एक' मिळालेला मुलगा सर्वांत मोठ्याने हसला. त्याला माहीत आहे की नाही, कोण जाणे.

नसीबा हसली नाही. कोणत्या पानावर होतो ते तिने सांगितलं.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

जयप्रकाश शेठकडे गेले. फोन करून. हे गाडी घेऊन आले, सुट्टीचा दिवस त्यात गेला.

मोठं घर. बसल्याबरोबर लिंबाचं सरबत आलं. मी टिपणाची प्रत नेली होती. त्यांनी वाचली, पूर्ण वाचली. वाचणारा माणूस आहे. मग मी म्हटलं, सोसायटीच्या बाहेरून नसीबाला आणखी एक शिष्यवृत्ती द्यावी. शाळेत तिच्यासारखी दुसरी नाही.

"अशी मुलगी आहे?"

"आहे."

"मग तुम्ही तिला किती दिले, बाई?"

मी सांगितलं.

त्यांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. मग फार सौम्यपणे म्हणाले, "तुम्ही तिला रोज बघता. तुम्हीच तिला पूर्ण दिले नाहीत. मी तर तिला पाहिलंही नाही. मी कोणत्या तोंडाने देऊ?"

मी चार आणि पाचमधला फरक समजावू लागले. ते म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक विचारतं, कापड कसं आहे. मी म्हटलं चार आणे कमी, तर तो कापड घेईल का माझा खरेपणा घेईल?" आणि स्वतःच हसले. मला दुकानातली उदाहरणं आवडत नाहीत.

दारापर्यंत पोचवायला आले. ह्यांच्याशी गाडीबद्दल बोलले.

परत येताना बुदैयाच्या रस्त्याने आलो. दोन्ही बाजूंना खजुराच्या बागा, मधे नव्या बंगल्यांच्या भिंती. ह्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "मी तुला किती देईन, विचार."

विचारलं नाही. गाडी चालवताना माणसाचं लक्ष विचलित करू नये.

९ नोव्हेंबर, मंगळवार

काही नाही. नळाला पाणी नव्हतं. वह्या तपासल्या.

१५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी. शाळा चालूच. रहिमतुल्लांच्या घरून डबा आला, नारळाच्या वड्या. नसीबाचा धाकटा भाऊ देऊन गेला. "अम्मीने दिलाय." मसूदाबाईंना मी एकदाही भेटलेले नाही. त्या माझ्याबद्दल काय बोलल्या ते अजून माहीत नाही. वड्या चांगल्या होत्या. डब्यात चकल्या भरून परत पाठवल्या.

२० नोव्हेंबर, शनिवार

सोसायटीची स्थापना झाली.

शपथ मी लिहिली होती, सहा ओळी. मुलांनी ती माझ्यामागून म्हणायची. मी म्हणत होते, दहा मुलं म्हणत होती, आणि चौथ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की सभागृहात माझा वर्गही ओठ हलवतो आहे. चेष्टेने की काय, ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.

बिल्ल्यांच्या टाचण्या मऊ निघाल्या. तीन वाकल्या. सिगारेटवाल्या मुलाच्या शर्टाला शेवटी जमालुद्दीन सरांनी स्वतःच्या खिशातली सेफ्टी पिन लावली आणि त्याच्या गालावर चापट मारली. त्या मुलाचे डोळे भरले. मला ते थोडं जास्त वाटलं.

प्राचार्यांनी भाषणात सांगितलं, ही कल्पना त्यांना एकदा विमानात सुचली. जयप्रकाश शेठनी अन्सारला पाकीट दिलं. माझं नाव आभारात आलं, माईकवाल्याच्या आधी.

जे मला हवं होतं ते झालं आहे. नियम आहेत, शपथ आहे, दहा मुलं आहेत. पुढच्या वर्षीही होईल, प्राचार्य म्हणाले. मी घरी येऊन नियमावली काढली आणि चूक शोधत बसले. सातही कलमं योग्य आहेत.

२९ नोव्हेंबर, सोमवार

जमालुद्दीन सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी तुकड्या बदलूया. 'अ' मला द्या."

थट्टा असावी. मी म्हटलं, मग तुमच्या 'ब'ला मी नापास करीन. ते हसले नाहीत. म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

१८ डिसेंबर, शनिवार

सहामाहीचे पेपर. निबंधाचा विषय मी दिला होता: मला माहीत असलेली एक जागा. वीस गुण.

तेवीस मुलांनी समुद्रकिनारा लिहिला. नसीबाने बंदरावरचं वडिलांचं ऑफिस लिहिलं. एक खोली. खिडकी नाही. चार टेबलं, तीन माणसं. चौथ्या टेबलावर टाइपरायटर, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर. वडील रोज ते कव्हर काढतात, धूळ झटकतात आणि पुन्हा घालतात. ती वर्षातून दोनदा डबा द्यायला जाते तेव्हा हे पाहते. कोणाबद्दल तक्रार नाही. स्वतःबद्दल एक शब्द नाही. दीड पान.

लाल पेन घेऊन तीनदा वाचलं. कुठेही टेकवता आलं नाही.

वीस लिहिले. वीसपैकी वीस. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

ह्यांना सांगितलं. हे वर्तमानपत्र वाचत होते. "आता?" म्हणाले.

२२ डिसेंबर, बुधवार

काल पेपर वाटले. वीस ऐकून वर्ग ओरडला होता.

आज मधल्या सुट्टीत नसीबा स्टाफरूमच्या दारात आली. हातात पेपर. मला वाटलं बेरीज चुकली.

"मिस, हे वीस कशाचे?"

"निबंधाचे."

"तुम्ही वीस देत नाही."

"या वेळी दिले. कमी काही सापडलं नाही."

ती आत आली. मग म्हणाली, "वर्गात सगळे म्हणतात, मिसने भरपाई केली. प्लीज एकोणीस करा, मिस."

मी म्हटलं, वर्ग काय म्हणतो त्यावरून गुण ठरत नाहीत. हा निबंध वीसचा आहे. मी कोणाची भरपाई करत नाही, तू मला ओळखतेस.

"हो," म्हणाली. मग मराठीत म्हणाली. आजवर माझ्याशी ती कधी मराठीत बोलली नव्हती. बोली वडिलांची. "एकोणीस करा, बाई. एकोणीस माझे तरी वाटतील."

"दिलेला गुण मी बदलत नाही, नसीबा."

"ते मला ठाव हाय."

पेपर तिने माझ्या टेबलावर ठेवला, कडा टेबलाच्या कडेला जुळवून, आणि गेली. कोपऱ्यात जमालुद्दीन सर वह्या तपासत होते. त्यांनी पान उलटलं. मान वर केली नाही.

दहा दिवसांनी तिचा टायपिंगचा क्लास सुरू होईल. संध्याकाळी चार ते पाच, बाब-अल-बहरीनजवळ. रहिमतुल्लांनी फी भरली असं ह्यांनी सांगितलं. हे त्यांना कुठे भेटले, ते विचारलं नाही.

हट्टी आहे मुलगी. क्षणभर वाटलं, चारच बरोबर होते.

हे वाक्य लिहून खोडलं होतं. पुन्हा लिहिलं, कारण तसं वाटलं हे खरं आहे.

पेपर माझ्याजवळच आहे. संध्याकाळी निबंध आणखी दोनदा वाचला. एकोणीस करण्यासारखं काही सापडत नाही.